चिडाची मुळे आणि नाशिकची माती : प्रकल्प नोंदी

१० जून २०२४
चिडाच्या, म्हणजे हिमालयातील पाइनच्या, बियांचे पाकीट आज कुरिअरने पोहोचले. बिया हिमाचलमधील एका रोपवाटिकेतून मागवल्या होत्या आणि त्या यंदाच्या हंगामातील आहेत. चिडाचा शंकू परागीकरणानंतर जवळजवळ दोन वर्षे झाडावरच पिकत राहतो, त्यामुळे हातावर घेतलेल्या या करड्या, पातळ पंखाच्या बीमागे दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे आहेत, याची आठवण मी विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी करून दिली.

प्रकल्पाचा प्रश्न साधा आहे. नाशिकमध्ये हौसेने आणलेली चिडाची रोपे वर्ष-दोन वर्षांत का मरतात? आजवर ज्याला विचारले त्याने "इथे हिमालयाची थंडी नाही" हेच उत्तर दिले. मला ते पटत नाही. चीड, म्हणजे पायनस रॉक्सबर्घाय, हिमालयात साधारण ४५० ते २,३०० मीटर उंचीच्या पट्ट्यात वाढतो आणि नाशिक सुमारे ६०० मीटरवर आहे. ज्या डेहराडूनमध्ये १९०६ साली वन संशोधन संस्था स्थापन झाली, त्या शहराची उंची नाशिकपेक्षा फारशी वेगळी नाही आणि तेथील उन्हाळाही पारा चाळिशीपर्यंत नेतो. पाऊस मात्र तेथे कितीतरी अधिक पडतो, ही बाब मान्य केली पाहिजे. पण पाणी आपण झारीने देऊ शकतो. कारण हवेत नसून जमिनीखाली असावे, म्हणजे चिडाच्या मुळांना सोबत करणारी बुरशी येथील मातीत नसावी, असा माझा तर्क आहे आणि पुढील वर्षभराचे काम तो तपासण्यासाठी आहे.

१८ जून २०२४
माती आणि पाणी तपासले. महाविद्यालयाच्या आवारातील काळ्या मातीचा सामू (आम्लता दाखवणारा पीएच) ८.२ आला, ती मूठभर घेऊन तिच्यावर सौम्य आम्लाचे थेंब टाकले तेव्हा ती स्पष्टपणे फसफसली, म्हणजे चुना भरपूर आहे. बोअरच्या पाण्याचा सामू ८.१ आहे. इगतपुरीच्या बाजूने आणलेली तांबूस माती मात्र ६.२ वर थांबली. चिडाला किंचित आम्लधर्मी जमीन मानवते, त्यामुळे सर्व रोपांसाठी हीच तांबूस माती, कोकोपीट आणि जाड वाळू यांचे मिश्रण वापरायचे ठरले. मिश्रण वाफवून घेतले, जेणेकरून त्यात आधीपासून असलेली बुरशी आणि सूत्रकृमी निकालातून वजा होतील.

मांडणी अशी केली आहे. एकूण १२० पिशव्या, ४०-४० चे तीन गट. पहिल्या गटाला काहीही मिळणार नाही. दुसऱ्या गटाला चिडाच्या जंगलातील वरच्या थराची माती चमचाभर मिळेल. तिसऱ्या गटाचे अद्याप ठरलेले नाही. प्रत्येक गटातील निम्म्या पिशव्यांना बोअरचे पाणी जसेच्या तसे आणि निम्म्यांना सौम्य सल्फ्युरिक आम्लाने सामू ६ च्या आसपास आणलेले पाणी द्यायचे. द्राक्षबागायतदारांच्या घरातून आलेल्या विद्यार्थ्यांना हे समजावून सांगावे लागले नाही. ठिबकच्या नळ्यांत क्षार साचू नयेत म्हणून पाण्यात आम्ल सोडणे त्यांनी लहानपणापासून पाहिले आहे.

२५ जून २०२४
बिया रात्रभर पाण्यात भिजवल्या, तरंगलेल्या बाजूला काढल्या आणि तळाशी बसलेल्या पेरल्या. प्रत्येक पिशवीत दोन बिया, बोटाच्या पेराच्या निम्म्याइतक्या खोल.

१० जुलै २०२४
उगवण सुरू झाली. चिडाचा अंकुर पाहण्यासारखा असतो. बारीक देठ आधी वाकून बाहेर येतो, मग सरळ होताना बीचे कवच डोक्यावर टोपीसारखे उचलून धरतो, आणि ते गळून पडले की आतून हिरव्या सुयांसारख्या बीजपत्रांचा झुबका छत्रीच्या काड्यांप्रमाणे उघडतो. शेंगदाणा किंवा हरभरा उगवताना दोन दले पाहण्याची सवय असलेल्या प्रथम वर्षाच्या मुलांनी ही बीजपत्रे पुन्हा पुन्हा मोजली. त्यांना मी थांबवले नाही.

२२ जुलै २०२४
सलग आठ दिवस पाऊस आणि ढगाळ हवा राहिल्यामुळे १४ रोपे जमिनीलगत काळी पडून कोलमडली. ही रोपमर आहे. पिथियम, फ्युजेरियम यांसारख्या बुरशी कोवळ्या देठाला जमिनीच्या पातळीवर कुजवतात. बुरशीनाशक वापरण्याचा मोह झाला, परंतु पुढे ज्या बुरशीला आम्ही स्वतः बोलावणार आहोत तिला तेच औषध मारक ठरेल, म्हणून ते टाळले. पिशव्यांवर जाड वाळूचा अर्धा इंच थर दिला, पाणी एक दिवसाआड केले आणि शेडनेटची बाजू वर उचलून वारा खेळता ठेवला. मेलेल्या रोपांच्या जागी जादा उगवलेली रोपे लावली.

५ ऑगस्ट २०२४
आज दिवसभर एकच चर्चा झाली आणि ती नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

निफाडकडून येणाऱ्या विद्यार्थ्याने गावच्या कृषी केंद्रातून मायकोरायझाचे पाकीट आणले होते. वडील द्राक्षाच्या मुळांना देतात, तेच चिडाला देऊन पाहू, असे त्याचे म्हणणे होते. सूचना मनापासूनची होती, म्हणून तिचे उत्तरही नीट दिले. मुळे आणि बुरशी यांच्या भागीदारीला मायकोरायझा हे नाव आल्बर्ट फ्रांक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये दिले. प्रशियाच्या सरकारने त्याला ट्रफल या भूमिगत, खाण्याजोग्या बुरशीची लागवड करता येईल का, हे पाहायला सांगितले होते. लागवड साधली नाही, पण झाडाच्या मुळाला वेढून राहणारी ही बुरशी झाडाला इजा करत नसून त्याला खाऊ घालते, हे त्याने ओळखले. ही भागीदारी एकाच प्रकारची नाही. कृषी केंद्रातील पाकिटात जी बुरशी असते ती मुळाच्या पेशींच्या आत शिरून राहते. द्राक्ष, कांदा, आंबा, टोमॅटो अशा बहुतेक पिकांची ती सोबतीण आहे आणि ती कोणत्याही जमिनीत थोडीफार सापडते. चिडाच्या कुळाला ती चालत नाही. त्याला पेशींच्या बाहेर राहून मुळाभोवती म्यान विणणारी बाह्यकवकमुळाची बुरशी लागते, आणि नाशिकच्या काळ्या मातीत ती कोठून असणार?

यावर एका विद्यार्थिनीने फार चांगला प्रश्न विचारला. "मॅडम, मग मोरपंखी का जगते? तीही सूचिपर्णीच ना?" खरे आहे. नाशकातील जुन्या वाड्यांच्या अंगणापासून नव्या बंगल्यांच्या फाटकापर्यंत मोरपंखी दिसते, तिला शंकू येतात, ती चिडाच्या दूरच्या नात्यातील आहे. रोपवाटिकेत ख्रिसमस ट्री म्हणून विकला जाणारा अरौकेरियाही सूचिपर्णीच. परंतु मोरपंखीचे सायप्रस कुळ आणि अरौकेरियाचे कुळ यांची भागीदारी द्राक्षासारखीच, पेशींच्या आत राहणाऱ्या बुरशीशी असते. त्यांना सोबत येथेच मिळते. चिडाला आणि देवदाराला मिळत नाही. मोरपंखी चुनखडी जमिनीलाही चिडापेक्षा बरी दाद देते, हा भाग वेगळा. पण माझ्या तर्काला आज या मुलीच्या प्रश्नाने जेवढे बळ दिले तेवढे गेल्या महिन्याच्या वाचनाने दिले नव्हते.

दुसऱ्या एकाने कोकणातील सुरूचे उदाहरण दिले. सुरूच्या बारीक, सुईसारख्या फांद्यांमुळे त्याला पाइन समजण्याची चूक सर्रास होते. सुरू हा सपुष्प वृक्ष आहे आणि त्याच्या मुळांवरील गाठींत फ्रँकिया नावाचा जिवाणू हवेतील नत्र बांधतो. त्याचा आमच्या प्रश्नाशी संबंध नाही.

दुसऱ्या गटाला आज चिडाखालची माती दिली. ही माती बंद डब्यातून दोन किलोच मागवली आहे आणि उरलेली ऑटोक्लेव्हमध्ये घालून निर्जीव केली, कारण जंगलाच्या मातीतून हव्या त्या बुरशीबरोबर नको ते रोगही प्रवास करतात. कॅरिबियनमधील पोर्तो रिको बेटावर वर्षानुवर्षे पाइन लागत नव्हता आणि १९५० च्या दशकात अमेरिकेतील पाइनच्या रानातली माती मुळांशी दिल्यावर रोपे वाढू लागली, हे वनशास्त्रातील प्रसिद्ध उदाहरण आहे. आमचा दुसरा गट म्हणजे त्याच प्रयोगाची लहानशी आवृत्ती आहे.

१६ ऑगस्ट २०२४
तिसऱ्या गटाचा प्रश्न अनपेक्षितपणे सुटला. त्र्यंबक रस्त्यालगतच्या निलगिरीच्या रांगेखाली विद्यार्थ्यांना पावसानंतर जमिनीतून वर आलेली, बटाट्याएवढी, तपकिरी, ओबडधोबड बुरशीची फळे दिसली. कापल्यावर आत मटारासारखे पिवळसर दाणे दाटीने बसलेले होते आणि वरच्या भागात त्यांची दालचिनीच्या रंगाची भुकटी झाली होती. बोटाला लागलेली ती भुकटी दोन वेळा साबण लावूनही गेली नाही. हा पिसोलिथस आहे. पिसोलिथसच्या काही जाती पाइनच्या सोबती म्हणून जगभरच्या रोपवाटिकांत वापरल्या गेल्या आहेत, त्यामुळे मुलांना वाटले की शोध लागलाच.

मला शंका आहे. निलगिरी ऑस्ट्रेलियातून आली आणि तिच्या सोबतचा पिसोलिथसही तिकडचाच. निलगिरीच्या जाती पाइनच्या मुळांशी सहसा नीट जुळत नाहीत. तरीही शंका ही नोंद नव्हे. तिसऱ्या गटाला याच बीजाणूंचे पाण्यातील मिश्रण दिले.

२४ सप्टेंबर २०२४
मोजमाप घेतले. गटांत अद्याप सांगण्यासारखा फरक नाही. बोअरच्या पाण्यावरील रोपांच्या कोवळ्या सुया मात्र तिन्ही गटांत पिवळट दिसू लागल्या आहेत. सामू चढला की जमिनीतील लोह रोपाला घेता येत नाही, त्याचे हे लक्षण.

९ ऑक्टोबर २०२४
आज नुकसान झाले. दुसऱ्या गटातील एका रांगेच्या, म्हणजे दहा पिशव्यांच्या पृष्ठभागावर निळसर पांढरा डाग वाळलेला दिसला. रोपवाटिका सांभाळणाऱ्या माळीमामांना विचारले तेव्हा त्यांनी लगेच सांगितले, "मॅडम, पिशव्यांच्या कडेनं पांढरी बुरशी पसरली होती. म्हटलं, वाढायच्या आत मारावी. घरी छाटणीनंतर ओलांड्यांना लावलेलं बोर्डो उरलं होतं, तेच पाणी घालून ओतलं."

मामांची दिंडोरी तालुक्यात अर्ध्या एकराची द्राक्षबाग आहे. गोडी छाटणीनंतरच्या पावसात केवडा हा बुरशीचा रोग आला तर आठवड्याभरात घड जातात, हे त्यांनी सोसले आहे. बुरशी दिसली की हात औषधाकडे जाणे हा त्यांचा अनुभव आहे, निष्काळजीपणा नव्हे. चूक माझी आहे, कारण चार महिने मुलांना जे समजावत होते ते रोज या रोपांना पाणी घालणाऱ्या माणसाला मी एकदाही सांगितले नव्हते. मोरचूद आणि चुना यांच्या बोर्डो या बुरशीनाशक मिश्रणाचे काम मियार्दे या फ्रेंच शास्त्रज्ञाने प्रसिद्ध केले तेही १८८५ मध्येच, ज्या वर्षी फ्रांकने मायकोरायझा हे नाव दिले. नाशिकने त्यातले एकच वर्षानुवर्षे हाताळले आहे.

दुपारी मामांना प्रयोगशाळेत बोलावून भिंगाखाली वाचलेल्या रांगेतील एक मूळ दाखवले. ते बराच वेळ डोळा लावून होते. "म्हणजे ही झाडाला पाणी आणून देती?" असे त्यांनी विचारले. मी होय म्हटले, आणि स्फुरदही (फॉस्फरस). मग त्यांनी स्वतःहून खडूने पाटीवर लिहिले : "औषध मारू नये." ती पाटी आता शेडनेटच्या दाराला टांगली आहे.

बोर्डोतील मोरचूद बुरशीला मारतो आणि चुना मातीचा सामू वाढवतो, म्हणजे या दहा रोपांवर दोन्ही बाजूंनी घाव झाला. त्यांना वेगळा गट मानून नोंद चालू ठेवायची.

२० नोव्हेंबर २०२४
प्रत्येक गटातील सहा रोपे मुळासकट काढली. मुळे हलक्या धारेखाली धुतली, मग पांढऱ्या बशीत पाण्यावर तरंगत ठेवली.

दुसऱ्या गटाच्या मुळांकडे पाहताच उत्तर दिसले. बाजूच्या आखूड मुळ्यांची टोके दुभंगून बेचकीसारखी झाली आहेत. काही ठिकाणी बेचकीला पुन्हा बेचके फुटून पोवळ्यासारखे गुच्छ तयार झाले आहेत. त्यांच्यावर मूळकेस नाहीत, उलट फिकट तपकिरी, मऊ म्यान आहे आणि म्यानापासून बारीक तंतू मातीच्या कणांना धरून बाहेर गेले आहेत. पातळ छेद घेऊन ट्रिपॅन ब्लूने रंगवला. म्यानाचा निळा थर बाहेर आणि त्याच्या आत, सालीच्या पेशींच्या फटींतून घुसलेली पण पेशीत न शिरलेली निळी नक्षी : हीच हार्टिगची जाळी. येथे झाड बुरशीला साखर देते आणि बुरशी स्फुरद व पाणी देते. पुस्तकातील आकृती वीस वर्षे फळ्यावर काढली, पण नाशिकच्या मातीत वाढलेल्या मुळात ती आज प्रथमच पाहिली, आणि हे लिहिताना मला मनापासून आनंद होत आहे.

पहिल्या गटाची मुळे लांब, सरळ आणि केसाळ आहेत. सहापैकी एका रोपावर दोन-तीन बेचक्या आढळल्या. शेजारच्या रांगेतून पाण्याचे शिंतोडे उडाले असावेत, म्हणून पुढे रांगांमधील अंतर वाढवले. तिसऱ्या गटात, म्हणजे निलगिरीच्या पिसोलिथसच्या रोपांत, एकही बेचकी नाही. मुले हिरमुसली, पण ही नोंद मला तितकीच मोलाची वाटते. निलगिरीने आपला सोबती बरोबर आणला होता, तो चिडाच्या उपयोगी पडला नाही.

उंची : आम्ल पाण्यावरील दुसऱ्या गटाची सरासरी ११ सेंटीमीटर, पहिल्याची ७, तिसऱ्याची ७. पहिल्या गटाच्या जुन्या सुयांवर जांभळट छटा आहे, ती स्फुरदाची कमतरता दाखवते. बोर्डो पडलेल्या दहांपैकी तीन मेली, उरलेली थांबली आहेत.

२० जानेवारी २०२५
द्राक्षाच्या निर्यातीचा हंगाम सुरू झाला आहे. अंबड औद्योगिक वसाहतीतील एका पॅलेट बनवणाऱ्या कारखान्यातून पाइनचा भुसा आणता येईल का, असे मुलांनी विचारले, म्हणून त्यांना घेऊन गेले. नाशिकला पाइन असा येतो : परदेशातून आलेले ओंडके आणि फळ्या, आणि त्यांवर रचलेल्या द्राक्षांच्या पेट्या पुन्हा परदेशी. प्रत्येक पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचे चिन्ह आणि एचटी ही अक्षरे भाजलेली असतात. त्यांचा अर्थ लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सियसवर सलग ३० मिनिटे ठेवला गेला आहे.

हा नियम कशासाठी, हे मुलांना सांगणे भाग होते. उत्तर अमेरिकेतील एक सूत्रकृमी लाकडाबरोबर जपानला पोहोचला आणि तेथील पाइनची राने विसाव्या शतकभर लालसर होऊन वाळत राहिली. कारण मात्र १९७१ मध्ये हाती आले. मोनोकॅमस प्रजातीचे भुंगेरे त्याला एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात आणि रोगी झाड एकाच हंगामात मरते. १९९९ मध्ये तो पोर्तुगालमध्येही सापडला. ऑगस्टमध्ये दोन किलो मातीबद्दल मी इतका आग्रह का धरला होता, हे आज मुलांना वेगळे सांगावे लागले नाही.

भुसा आणला नाही. बाह्यकवकमुळाची बुरशी जिवंत मुळावर राहते, कापलेल्या लाकडात नव्हे, आणि कच्चा भुसा कुजताना मातीतील नत्र ओढून घेतो.

२६ फेब्रुवारी २०२५
खारीने चार रोपांचे शेंडे कुरतडले. सकाळी प्रत्येक तुटलेल्या टोकावर राळेचा पारदर्शक थेंब जमलेला होता आणि संध्याकाळपर्यंत तो घट्ट होऊन जखम बुजली होती. आठ महिन्यांचे, वीतभरही नसलेले रोप स्वतःला असे वाचवते. मोठ्या झाडातून हाच चीक काढून ऊर्ध्वपातन केले की टर्पेंटाइन वेगळे होते आणि राळ उरते. सराफ बाजारातील चांदीचे मुखवटे घडवणारे कारागीर राळेत विटकरीची पूड मिसळून तिच्यावर पत्रा बसवतात, म्हणजे ठोके घेताना पत्रा फाटत नाही. चीक काढण्याच्या जुन्या पद्धतीत खोडाला खोल जखमा होत. आता सालीवर उथळ चरे घेऊन सौम्य आम्ल फवारण्याची रिल पद्धत आहे. झाड जेवढा घाव भरून काढू शकते तेवढाच करावा, हे मला त्या थेंबाकडे पाहताना अधिक पटले.

२३ एप्रिल २०२५
पारा ४१ अंशांवर. दुपारी दोन वेळा शेडनेटवर पाणी मारतो. पहिल्या व तिसऱ्या गटातील रोपे सकाळीच माना टाकतात, दुसऱ्या गटातील आम्ल पाण्यावरील रोपे दुपारपर्यंत ताठ असतात. बोअरच्या पाण्यावरील दुसरा गट मधोमध आहे : सोबती आहे, पण मातीतील चुना वाढत चालला आहे. माझ्या मूळ तर्कात ही दुरुस्ती करावी लागेल. नुसती बुरशी पुरेशी नाही. तिला आणि रोपाला दोघांनाही पाणी आम्लधर्मी हवे.

९ जून २०२५
वर्ष पूर्ण झाले. मुळे तपासण्यासाठी काढलेली १८ आणि बोर्डो पडलेली १० रोपे वगळता ९२ उरतात. जिवंत असलेल्यांची मोजणी : पहिला गट ३४ पैकी ९, दुसरा २४ पैकी २०, तिसरा ३४ पैकी ८. दुसऱ्या गटातील मेलेली चारही रोपे बोअरच्या पाण्यावरची होती.

पावसाळ्यात एका टेकडीवर होणाऱ्या वृक्षारोपणासाठी ही रोपे मिळावीत, अशी विनंती आली. मी नम्रपणे नकार दिला. सह्याद्रीच्या या भागात चीड नैसर्गिकरीत्या नाही. निलगिरी पर्वतात आणि कोडाईकनालला गवताळ कुरणांवर लावलेल्या पाइनमुळे तेथील मूळ गवत मागे हटले आहे, आणि चिडाच्या वाळलेल्या सुया, ज्यांना उत्तराखंडात पिरूल म्हणतात, उन्हाळ्यात कशा पेटतात हे गेल्या वर्षीच तेथे दिसले. आता तर आम्ही त्याच्यासोबत त्याची बुरशीही आणली आहे, म्हणजे त्याच्या वाटेतील सर्वांत मोठी अडचण आम्हीच दूर केली आहे. त्या टेकडीसाठी करंज, अर्जुन आणि हिरड्याची रोपे देऊ केली.

चिडाची रोपे आवारातच, तांबूस मातीच्या मोठ्या कुंड्यांत राहतील. मामांनी आज सकाळी त्यांना कुंड्यांत हलवले. मुळांभोवतीची जुनी माती झटकू नका, असे या वेळी तेच मुलांना सांगत होते.